निमंत्रण देणाऱ्याचे नाव व नाते

खिडकीची जागा मिळाली तेव्हाच खरं तर त्याला संशय यायला हवा होता. पण काउंटरवरची मुलगी इतक्या गोड आवाजात म्हणाली, "सर, खिडकी दिलीये हं, बुकिंगमध्येच खास मागून घेतली होती," की तो पास खिशात घालून, मान डोलावून पुढे निघाला. मग विमान ढगांच्या वर गेलं, पट्टे सोडायची परवानगी मिळाली आणि डाव्या खांद्याला प्लॅस्टिकची गार भिंत, उजव्या खांद्याला एक अनोळखी बाई अशा अवस्थेत त्याच्या डोक्यात किडा वळवळला. ही खिडकी मागितली कोणी? त्याने मागितली नव्हती. त्याला खिडकी आवडत नाही. परीक्षा मंडळाच्या भरारी पथकात त्याने एकतीस वर्षं काढली, त्यातली अठरा पथकप्रमुख म्हणून, आणि त्या अठरा वर्षांत जीपमध्ये तो कायम दाराशी बसला. कारण जीप कॉलेजच्या फाटकात शिरून पुरती थांबायच्या आत ज्याचा पाय जमिनीला लागतो त्यालाच कॉपी सापडते, मागून सावकाश उतरणाऱ्यांना सापडतात ती नुसती परीक्षा देणारी मुलं. विद्यार्थ्यांनी त्याचं नाव 'एक्सरे' ठेवलं होतं. हे त्याला कळलं तेव्हा तो घरी बराच वेळ नाराज होता, आणि त्या आठवड्यात त्याने ते नाव चार वेगवेगळ्या लोकांना नाराजीने सांगितलं. असा माणूस खिडकीत बसत नाही. बुकिंग मुलीने केलं होतं. म्हणजे, मुलीने केलं असं बायकोने सांगितलं होतं. या दोन वाक्यांच्या मधे जेवढी फट होती तेवढ्यात तो आता अडकून बसला होता, आणि प्रवास नऊ तासांचा होता. "आशियातच तर आहे," बायको म्हणाली होती, जणू आशिया म्हणजे मागची गल्ली.

मुलगी गेली चार वर्षं त्याच्याशी बोलली नव्हती. आईशी बोलायची, रविवारी, तासभर. तो तेव्हा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उलटसुलट करत बसायचा आणि शेवटी आतून आवाज यायचा, "बाबांना सांगते हं." काय सांगायचं असे ते कधी त्याच्यापर्यंत पोचलं नाही, पोचायचं ते "बबडी बरी आहे" एवढंच. आणि मग दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी तो मटार सोलत असताना बायकोने फोनवरून वाचून दाखवलं, "हे बघा, बबडीने लिहिलंय. बाबांना म्हणावं, या. तीन आठवडे राहा. तिकीट मी काढते." त्याने एक शेंग सोललेली असूनही पुन्हा सोलली. म्हणाला, "आणि तू?" ती म्हणाली, "माझी कंबर. डॉक्टरांनी दोन तासांच्या वर बसू नको सांगितलंय." हीच बाई टीव्हीसमोर चार चार तास ताठ बसते, मधे जाहिरातींनासुद्धा उठत नाही, हे त्याला त्याच वेळी दिसायला हवं होतं. दिसलंही होतं. पण माणसाला हवं असलेलं उत्तर समोर आलं की तो ते तपासत नाही, हे त्याने हजारो पेपरांत बघितलेलं होतं आणि स्वतःला लावून बघितलेलं नव्हतं. आणि आता, ढगांच्या वर, आणखी एक गोष्ट त्याला लख्ख दिसली: ती संदेश वाचत होती तेव्हा तिचा चष्मा डोक्यावर होता. डोळ्यांवर नव्हता. चष्म्याशिवाय तिला औषधाच्या बाटलीवरचं नावदेखील वाचता येत नाही.

एक गोष्ट त्याने नव्या पथकातल्या प्रत्येकाला शिकवली होती. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. चूक मात्र ज्याची त्याची असते. दोन पेपरांत एकच चूक सापडली तर ते दोघं एका बाकावर तरी होते, नाहीतर दोन्ही पेपर एकाच हातचे आहेत. आता खिडकी. याला खिडकी आवडते असं समजणारी व्यक्ती जगात एकच आहे. लग्नानंतरच्या पहिल्या बसप्रवासात त्याला घाटात मळमळत होतं, आणि नव्या बायकोला तसं सांगायची लाज वाटली म्हणून तो खिडकीत बसला, तोंड बाहेर काढून, डोळे बारीक करून. तिला वाटलं, किती रसिक माणूस आहे. तेव्हापासून चौतीस वर्षं तिने प्रत्येक प्रवासात स्वतःची खिडकी त्याला दिली आणि त्याने ती मुकाट्याने घेतली. मुलीला खरं माहीत होतं. लहानपणी बस सुटली आणि आई डुलकायला लागली की दोघं गुपचूप जागा बदलायचे. "तू बस, बबडे, मला नको," तो म्हणायचा. म्हणजे मुलीने खिडकी मागणं शक्यच नाही. खिडकी आईने मागितली. म्हणजे तिकीट आईने काढलं. म्हणजे तो संदेश... इथपर्यंत आल्यावर त्याला घाटातल्यासारखंच व्हायला लागलं. पलीकडे त्याला घ्यायला कोणी येणार आहे की नाही इथपासून आता प्रश्न होता. आणि त्याच्याही अलीकडचा प्रश्न, जो त्याला विचारायचा नव्हता: आपण यायला तिला हवे होतो का?

"मुलाकडे की मुलीकडे?" शेजारच्या बाईंनी विचारलं. त्यांनी गळ्यात उशी घातली होती आणि त्या तिच्यावरून, कुंपणावरून बघावं तशा बघत होत्या.

"मुलीकडे."

"पहिल्यांदाच ना? मी ओळखलं. पहिल्यांदा जाणारे पासपोर्ट सारखा चाचपतात. माझी ही सातवी खेप." त्यांनी उशीतल्या उशीत मान फिरवली. "बोलावलंय, की तुम्हीच निघालात?"

तो दचकला. एकतीस वर्षं प्रश्न त्याने विचारले होते. "म्हणजे काय?"

"अहो, फरक असतो. बोलावलेल्यांना विचारतात, कधी येताय. आपण होऊन निघालेल्यांना विचारतात, परतीचं कधीचं आहे. मला आमच्या सुनेने काय विचारलं ते सांगत नाही."

"बोलावलंय," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच खोटा वाटला. असा आवाज ज्याचा निघायचा त्याला तो बाकावरून उभा करायचा.

"मग बरं," बाई म्हणाल्या आणि पाच मिनिटांत झोपल्या. झोपेत त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला नसल्याचा भाव तसाच होता. तिसऱ्या जागेवरचा माणूस तर विमान उडायच्या आधीपासून झोपलेला होता, डोळ्यांवर काळी पट्टी, तोंड उघडं. खिडकीतल्याला बाहेर पडायचं तर दोन झोपलेली माणसं ओलांडावी लागणार होती. समोरच्या पडद्यावर एक इवलंसं विमान निळ्या कागदावर मुंगीसारखं सरकत होतं. इतकं पाणी, इतकं आकाश, आणि आपण मधे बायकोने लिहिलेल्या एका खोट्या उत्तरावर बसून चाललोय. बरं, उतरून जीप परत फिरवायला सांगावी अशीही सोय नाही. फोन काढून त्याने मुलीच्या नावाखाली काय काय आहे ते पाहिलं. चार वर्षांत त्याच्या वाढदिवसाला चार संदेश, चारही एकाच मापाचे. त्याने त्या चारांना उत्तर म्हणून चार वेळा 'आभारी आहे' असं लिहिलं होतं. आपल्या पोटच्या पोरीला आभारी आहे. हे वाचताना त्याला वाटलं, की हा पत्रव्यवहार कोणी तिऱ्हाईताने तपासला तर तो म्हणेल, दोन कार्यालयं आहेत.

मुलीशी बोलणं तुटलं त्या दिवसाबद्दल तो सहसा विचार करत नसे. म्हणजे करायचा, पण अहवालाच्या भाषेत, आणि अहवालाच्या भाषेत काही लागत नाही. वर्ग चौथा, दुसऱ्या मजल्यावरचा, उत्तरेकडच्या खिडक्या गंजून बंद. पथकात तो आणि आणखी दोघं: मंडळातल्या एक बाई आणि नवा एक प्राध्यापक, जो फार उत्साही होता आणि उत्साही माणसांची त्याला कायम धास्ती वाटे. मुलगी त्या कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर गणित शिकवायची. पर्यवेक्षणाची तिची पाळी त्या दिवशी नव्हती, कोणी आजारी पडलं म्हणून सकाळी बदलली. तो दारात आला तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने कंपासपेटीचं झाकण उचललं, झाकणाला आतून चिकटवलेला कागद त्याला दारातून दिसला, आणि त्याच क्षणी त्याला हेही दिसलं, की आपल्या मुलीलाही तो कागद दिसलाय. ती त्या बाकापासून चार पावलांवर उभी होती. तिने पाहिलं, आणि मग पाठ फिरवून फळ्यावर लिहिलेले आसनक्रमांक वाचायला लागली, सावकाश, एखादी कविता वाचावी तसे. मग तिला दारातला बाप दिसला. तिच्या चेहऱ्यावर भीती आली असती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. पण ती किंचित हसली. घरात कोणी आपलं आलं की हसतो तशी. अहवालात अकरावा रकाना असतो, 'पर्यवेक्षकाचे नाव व अभिप्राय'. त्याने तिथे तिचं पूर्ण नाव लिहिलं, म्हणजे मधे स्वतःचं नाव आणि शेवटी स्वतःचं आडनाव लिहिलं, पुढे 'जाणीवपूर्वक दुर्लक्ष' असं लिहिलं, आणि खाली सही केली, म्हणजे तेच आडनाव पुन्हा एकदा. तिला परीक्षेच्या कामातून तीन वर्षं बंदी आली आणि कॉलेजने पुढची नेमणूक दिली नाही. त्याच्याबद्दल वर्तमानपत्रात चौकट आली, 'कर्तव्यापुढे मुलगीही नाही', आणि मंडळाने सत्कारात एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. बायकोने ते घड्याळ न्हाणीघरात लावलं. तिथल्या वाफेने ते तीन आठवड्यांत बंद पडलं. ती म्हणाली, चालू होतं तेव्हा आवाज फार करायचं. सहा महिन्यांनी मुलगी, तो आता चालला होता त्या शहरात, एका शाळेत गणित शिकवायला निघून गेली, निघताना आईच्या गळ्यात पडली आणि त्याला म्हणाली, "येते." एवढा एकच शब्द.

विमान उतरायच्या आधी एक कागद वाटला गेला. त्यात बाकीच्या गोष्टींबरोबर एक ओळ होती, निमंत्रण देणाऱ्याचे नाव व नाते. बाईंनी उशी काढून ठेवली होती आणि झरझर लिहीत होत्या. तो पेन हातात धरून बसून राहिला. लोकांनी कोऱ्या ठेवलेल्या जागांवरून त्याने आयुष्यभर अनुमानं काढली होती. शेवटी त्याने मुलीचं नाव लिहिलं, पुन्हा एकदा पूर्ण, तशाच अक्षरात, आणि लिहिताना त्याला वाटलं की सरकारी कागदावर आपण लिहिलेलं हे पहिलंच खोटं विधान आहे. मग वाटलं, पहिलं नसेलही. उतरल्यावर काचेच्या पलीकडच्या अधिकाऱ्याने कागद वाचला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. तपासणारी नजर तपासणाऱ्याला लगेच कळते. "कोणी बोलावलं?" त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं. "मुलीने," तो म्हणाला. अधिकाऱ्याने क्षणभर वाट पाहिली. अशी वाट बघितली की कच्चा माणूस आपण होऊन पुढचं बोलतो, हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तो गप्प राहिला. शिक्का बसला. इतक्या सहज बसला की त्याला त्या अधिकाऱ्याच्या कामाबद्दलच शंका आली.

ती आली होती. कठड्यापाशी, गर्दीच्या जरा बाजूला, करड्या कोटात, केस कापलेले. त्याने तिला आधी पाहिलं आणि दोनतीन सेकंद तिला न कळता पाहत राहिला. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याला वाचायचं होतं: आनंद, नाइलाज, की आईने गळ घातली म्हणून आलेली एखादी मुलगी. काही कळलं नाही. मग तिने पाहिलं. "दमलात?" ती म्हणाली. "छे," तो म्हणाला. तिने बॅग घेतली, त्याने सोडली नाही, दोघांनी मिळून ती पंधरा पावलं ओढली आणि मग त्याने सोडली. "परतीचं कधीचं आहे?" तिने विचारलं.

"आठवतंय ना, तीन आठवडे?" तो म्हणाला. "तूच तर..."

"सुट्टी टाकायचीये, म्हणून विचारलं," ती म्हणाली आणि त्याच्याकडे जरा निरखून बघितलं.

टॅक्सीतून शहर दिसत होतं आणि त्यातली एकही गोष्ट त्याला पटत नव्हती. संध्याकाळचे सहा वाजले होते, कामावरून सुटलेली माणसं जिथे काउंटर नाही, खिडकी नाही अशा ठिकाणी रांगा लावून उभी होती, आणि कोणी मधे घुसत नव्हतं. दारं आपोआप उघडत होती. रस्ता मोकळा असूनही लोक दिवा हिरवा होईपर्यंत थांबत होते. त्याची नजर सारखी कोपऱ्यांकडे जात होती; कुठेतरी पथक उभं असल्याशिवाय माणसं अशी वागत नाहीत. इतक्या शिस्तीत वागणारं शहर नक्कीच काहीतरी लपवत असणार. त्याने हे मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटायचं," आणि काचेतून बाहेर बघायला लागली. हे वाक्य त्याने उरलेल्या रस्त्यात उलगडून पाहिलं. त्यात टोमणा होता का? असला तर कोणाला? तिच्या हातावर, अंगठ्यापाशी, खडूची पांढरी रेघ होती. शाळेतून तशीच आली होती. म्हणजे सुट्टी घेतली नव्हती. म्हणजे आयत्या वेळी कळलं असेल. किंवा कळलं आधीच असेल आणि सुट्टी घेण्याइतकं वाटलं नसेल. किंवा हात धुवायचे राहिले असतील. तिन्ही शक्यतांचा पुरावा सारखाच होता.

तिचं घर तेराव्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं, आवाज नसलेलं. स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून एक छोटं टेबल आणि दोन खुर्च्या. एक वापरून गुळगुळीत झालेली आणि एक कोरी, पायांना अजून दुकानाचं प्लॅस्टिक. चार वर्षं या टेबलाशी एकच माणूस जेवत होतं, हे त्या खुर्च्यांवरून त्याला कळलं, आणि हे अनुमान तपासून पाहावंसं त्याला वाटलं नाही. तिने चहा केला, त्याच्या कपात साखर घातली नाही. साखर चार वर्षांपूर्वी बंद झालेली नव्हती. ती गेल्या वर्षी बंद झाली. म्हणजे आईने कळवलं. आईने आणखी काय काय कळवलं असेल?

"तुमचं पत्र मी तीनदा वाचलं," मुलगी म्हणाली.

'कोणतं पत्र' हे शब्द त्याच्या जिभेपर्यंत आले आणि तिथेच त्याने ते धरून ठेवले.

"तुमचा फोन बिघडला होता ना, म्हणून आईच्या फोनवरून पाठवलंत ते," ती म्हणाली. तिने स्वतःचा फोन टेबलावर ठेवला. पडदा काळा होता. "त्यात लिहिलं होतं, मला यायचंय, पण तू बोलावल्याशिवाय कसा येऊ. म्हणून मी आईला म्हटलं, त्यांना सांग, या. तिकीट मी काढते म्हटलं तर ती म्हणाली, मीच काढते, तुला त्यांचं काही कळायचं नाही."

त्याला सगळं एकदम दिसलं. बायकोने दोन्ही पेपर लिहिले होते. इकडे मुलीच्या एका 'या'चा अख्खा संदेश करून, तिकडे त्याच्या नावाने अख्खं पत्र, चष्मा लावून किंवा न लावता, टीव्हीसमोर ताठ बसून. त्याच्या कारकिर्दीत इतकं बेमालूम काम त्याला सापडलं नव्हतं, आणि ते त्याच्याच स्वयंपाकघरात झालं होतं. एका वाक्यात त्याला ते उघडं पाडता आलं असतं; ते वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं, एकतीस वर्षांच्या सवयीने, कर्ता कर्म क्रियापदासह. मग काय होईल तेही त्याला दिसलं. बायको पकडली जाईल. मुलीने तीनदा वाचलेलं पत्र रद्द होईल. आणि तो, पुन्हा एकदा बरोबर ठरलेला, त्या कोऱ्या खुर्चीत तीन आठवडे बसून राहील.

"तुम्हीच लिहिलंत ना ते?" मुलगी म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "मीच."

"काय लिहिलं होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय लिहिलं होतं, ते सांगा. तुम्हीच लिहिलंय तर येईलच सांगता." तिच्या आवाजात राग नव्हता. तिने तळहात फोनवर ठेवला, हलकाच, आणि वाट बघत राहिली.

त्याने कपाकडे पाहिलं. बायकोने काय लिहिलं असेल याचा अंदाज बांधायला त्याने सुरुवात केली. तिची वाक्यं त्याला माहीत होती, ती कुठे सुरू होतात आणि कुठे डोळे पुसून संपतात. दोनचार जुळवून बघितली. एकही त्याच्या तोंडून निघेना.

"मी दारात होतो," तो म्हणाला. "तू बघितलंस आणि पाठ फिरवलीस, ते मी बघितलं. तू मला बघून हसलीस तेही. नियमात बसतं म्हणून नाव लिहिलं असं मी सगळ्यांना सांगितलं. तसं नव्हतं. माझ्यामागे दोघं उभे होते. तो नवा प्राध्यापक माझ्या पेनकडे बघत होता. मला वाटलं, हा बाहेर जाऊन सांगेल, म्हाताऱ्याने पोरीला सोडलं. माझ्यावर कोणी संशय घेईल याची भीती वाटली. बस, एवढंच होतं ते. मग लोक त्याला तत्त्व म्हणायला लागले, मग मीही म्हणायला लागलो."

मुलीचा तळहात फोनवर तसाच होता.

"आणि त्या मुलीचा पेपर मी संध्याकाळी कागदाशी ताडून बघितला. तिने त्यातलं काही उतरवलं नव्हतं. एक ओळ नाही. सगळं स्वतःचं लिहिलं होतं, निम्मं चुकीचं. कागद नुसता धीराला ठेवला होता बहुतेक. तुला ते कळलं होतं?"

"तिने पेटी उघडली आणि परत मिटली," मुलगी म्हणाली. "दोनदा. मी तिथेच होते."

"मला दुरुस्ती पाठवता आली असती. दुसऱ्या दिवशीपर्यंत पाठवता येते. मी फॉर्मसुद्धा काढला. मग वाटलं, आता पाठवली तर म्हणतील, मुलीसाठी पाठवली." त्याने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "हे तुझ्या आईलाही माहीत नाही."

बाहेर तेरा मजले खाली काहीतरी वाहत होतं, गाड्या असतील, आवाज वर येत नव्हता. मुलीने फोनवरचा हात काढून घेतला. त्याने सवयीने तिच्या चेहऱ्यावर नजर टाकली, ती काय दडवतेय ते शोधायला; पण ती रडत होती, उघड, त्याच्यासमोर, नाकही न पुसता, आणि त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

"हे त्यात नव्हतं," ती म्हणाली.

"नसेल."

"त्यात बरंच काही होतं. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवायचो, वगैरे." तिने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. "आईचं जास्त चांगलं जमलं होतं."

"तिचं असतंच," तो म्हणाला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"विमानात. तुला?"

"तिसऱ्या ओळीला." तिने फोन त्याच्याकडे सरकवला. "तिला लावा. पोचलो म्हणून सांगा. बाकी काही बोलू नका."

"का?"

"का काय? तिला वाटू दे, आपल्याला कळलं नाही."

त्याने फोन लावला. पहिल्याच घंटेला तिकडून उचलला गेला. फोन हातातच धरून बसली असणार. विमान वेळेवर होतं का, जेवायला काय दिलं, स्वेटर घातला का, असं सगळं बायकोने एका दमात विचारलं आणि त्याने एकेकाचं उत्तर दिलं. मग ती थांबली. इतक्या दुरून त्याला तिचा श्वास ऐकू येत होता.

"आणि बबडी?" ती म्हणाली. "काय चाललंय तुमचं?"

त्याने समोर पाहिलं. मुलीने मान हलवली, नाही म्हणून.

"काही नाही," तो म्हणाला. "बोलत बसलोय."